ऑफिससाठी तीन लॅपटॉप, बजेट दीड लाख: नवे घ्यावेत की जुने?

वहीखातं | ७ जानेवारी २०२६, रात्री ११:४०

मंडळी, साताऱ्यात माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. मी आणि दोन असिस्टंट. काम म्हणजे टॅली, एक्सेल, जीएसटी आणि आयकराची पोर्टलं, डीएससीची (डिजिटल सहीची) टोकनं, आणि ब्राउझरमध्ये एका वेळी पंचवीस टॅब. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही.

सध्या दोन जुने डेस्कटॉप आहेत, इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आय ३ प्रोसेसरचे. ते विंडोज ११ घेत नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्याकडे लोकांची पॅन, आधार, बँक स्टेटमेंटं पडलेली असतात, म्हणून झोप उडाली आहे. तिसरा लॅपटॉप. अडीच वर्षांपूर्वी सणाच्या सेलमध्ये 'स्वस्तात मस्त' म्हणून घेतला होता. कंपनीचं नाव घेत नाही. डिसेंबरच्या २० तारखेला, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं ३बी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, झाकण उघडताना कट्ट असा आवाज आला. बिजागरीचे स्क्रू ज्या प्लॅस्टिकमध्ये बसवलेले असतात तेच उखडून आलं, जाताना स्क्रीनची केबलही घेऊन गेलं. दुरुस्तीला पुण्याला पाठवा, पंधरा दिवस लागतील, असं उत्तर मिळालं. तीन क्लायंटचे रिटर्न उशिरा गेले. लेट फी दिवसाला ५० रुपयेच हो, पण ती कुणामुळे भरावी लागली हे क्लायंट पुढची पाच वर्षं ऐकवणार.

दीड लाखात तीन मशिन बसवायची आहेत. सरळ ५० हजारांचे तीन नवे घेऊ? की आणखी काही मार्ग आहे?

---

अर्धाकप | ८ जानेवारी, सकाळी ७:१५

मॅकबुक एअर. डोळे झाकून. पाच वर्षं बघायला नको.

---

वहीखातं | ८ जानेवारी, सकाळी ९:०२

अर्धाकप, डोळे झाकून घेतलं तर उघडल्यावर टॅली कुठे चालवू? ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. मॅकवर आभासी विंडोज टाका, त्यात टॅली टाका, मग त्यातून डीएससीचं टोकन ओळखलं जातंय का बघत बसा... माझे असिस्टंट राजीनामा देतील.

---

बॅकस्पेस | ८ जानेवारी, दुपारी १:३०

पुण्यात एका कंपनीत अकरा वर्षं हेच काम करतो, साधारण चारशे लॅपटॉप माझ्या गळ्यात आहेत. म्हणून जरा लांबण लावतो.

५० हजारांचे तीन नवे घेऊ नका. त्या पैशात दुकानात जे चकचकीत मॉडेल समोर येतं ते घरगुती मालिकेतलं असतं, म्हणजे तुमची तुटलेली बिजागरी पुन्हा एकदा, तीन वेळा.

लोक आधी प्रोसेसर बघतात, मग रॅम, मग रंग. धंद्यासाठी घेताना आधी मालिका बघायची. लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड (२०२५ पासून डेलने ते नाव बंद करून 'डेल प्रो' केलं आहे, जुन्या मालावर लॅटिट्यूडच दिसेल), एचपीची प्रोबुक आणि एलिटबुक, असूसची एक्सपर्टबुक. यांच्यातही पायऱ्या आहेत. थिंकपॅडमध्ये ई ही खालची, मग एल, मग टी. ई मालिका अगदी दणकट नाही, पण तुमच्या कामाला पुरते.

फरक कशात पडतो? तीन गोष्टींत. एक, उघडता येतात. खालचे स्क्रू काढले की बॅटरी, एसएसडी, रॅम, पंखा समोर. यातल्या बहुतेक मालिकांची सर्व्हिस मॅन्युअल कंपन्या स्वतः मोफत ठेवतात, कुठला स्क्रू किती लांबीचा इथपर्यंत. दुसरं, सुटे भाग मिळतात, कारण एकेका मॉडेलचा माल कंपन्यांनी हजारोंनी घेतलेला असतो. पाच वर्षांनीही कीबोर्ड मिळतो. तिसरं, आणि तुमच्यासाठी हेच मुख्य: ऑनसाइट वॉरंटी. माणूस भाग घेऊन तुमच्या ऑफिसात येतो. फक्त घेण्याआधी आपला पिन कोड सांगून विचारा. 'पुढच्या कामकाजाच्या दिवशी' हे पुण्या-मुंबईत खरं असतं, तालुक्याच्या गावात त्याचे तीन-चार दिवस होतात. तरी पंधरा दिवसांपेक्षा बरं.

लष्करी दर्जाचा टिकाऊपणा, ८१०एच वगैरे जे लिहितात त्यावर फार जाऊ नका. त्या चाचण्या कंपनी आपल्याच सोयीने निवडते, बाहेरचं कुणी प्रमाणपत्र देत नाही.

प्रोसेसरबद्दल एवढंच: 'आय ५ आहे' किंवा 'रायझन ५ आहे' याला अर्थ नाही. उदाहरण देतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. नावात एका आकड्याचा फरक. पहिल्यात चार कोअर, जुनी झेन २ रचना. दुसऱ्यात सहा कोअर, झेन ३. एएमडीच्या त्या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो, पहिला नुसता वर्ष सांगतो. दुकानदार पहिल्याकडे बोट दाखवतो.

---

गावकुस | ८ जानेवारी, दुपारी २:१०

एवढं कशाला? रुफस नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवा, सहाव्या पिढीवर विंडोज ११ बसतं. मी बसवलंय. खर्च शून्य.

---

बॅकस्पेस | ८ जानेवारी, दुपारी २:२५

बसतं, चालतंही. पण मायक्रोसॉफ्टच्या यादीत ते मशिन नाही, उद्या एखादं मोठं अपडेट बसलं नाही तर दाद कुणाकडे मागणार? घरच्या मशिनवर खुशाल करा. दुसऱ्यांचे पॅन नंबर असलेल्या मशिनवर मी करणार नाही. तात्पुरतं निभवायचं तर विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, पण ती घरगुती वापराची सोय आहे.

---

तांबडारस्सा | ८ जानेवारी, रात्री ९:५०

जुन्या लॅपटॉपचाच धंदा आहे आपला, कोल्हापुरात. आधीच सांगतो म्हणजे नंतर कोण म्हणायला नको की माल खपवायला आलाय. माझ्याकडून घेऊ नका, पण ऐका.

बॅकस्पेसभाऊंनी सांगितलेल्या मालिका नव्या घ्यायला गेलात की महाग. पण मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी सगळा लॉट बदलतात. तो माल मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एस. पी. रोड इथनं फिरत आमच्याकडं येतो. नवा असताना लाखाच्या आसपासचा लॅपटॉप तिशीत मिळतो. एसीत वापरलेला, टेबलावरनं न हललेला. तुमच्या कामाला नाद करायचा नाय.

पण आत्ता एक फास आहे. विंडोज १० बंद झाल्यावर सहाव्या-सातव्या पिढीचा माल बाजारात पाण्यासारखा आलाय. थिंकपॅडचा टी ४७० म्हणजे सातवी पिढी, टी ४८० म्हणजे आठवी. दिसायला जुळी भावंडं. विंडोज ११ ला इंटेलची आठवी लागते. चार हजार वाचवायला लोक टी ४७० घेतात आणि मग माझ्याकडं येतात. मी म्हणतो तुम्ही दहावीच्या खाली बघूच नका, अकरावी मिळाली तर बेस.

दुकानात गेल्यावर काय बघायचं:

बॅटरी. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पॉवरसीएफजी लिहा, जागा सोडा, तिरकी रेघ मारा आणि बॅटरीरिपोर्ट. (इंग्रजीत टाइप करा हो, देवनागरीत नको!) मूळ क्षमता आणि आत्ता पूर्ण चार्जला किती धरते, दोन आकडे येतात. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातनं कापा.

दुसरं लई महत्त्वाचं आणि कोण सांगत नाही. दुकानदाराला समोर विंडोज रिसेट करायला लावा आणि सुरू होताना इंटरनेट जोडा. मशिन जर जुन्या कंपनीच्या यादीतनं काढलेलं नसेल तर तिथंच 'तुमच्या कंपनीच्या खात्यानं साइन इन करा' असा पडदा येतो. तो आला की हात जोडायचे आणि निघायचं. दुकानदार म्हणंल नेट न जोडता करून देतो. करून देईल. सहा महिन्यांनी पुन्हा रिसेट केलं की तोच पडदा तुमच्यासमोर, आणि दुकानदार फोन उचलणार नाही. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होतो त्या मूळ प्रोग्रामला) पासवर्ड आहे का तेही तिथंच बघा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरला तर कंपनी बोर्ड बदला म्हणते.

मग स्क्रीन पांढरी करून डाग बघा, सगळी बटणं दाबा, सगळ्या पोर्टात पेनड्राइव्ह घाला.

---

सोनचाफा_७ | ९ जानेवारी, सकाळी ११:२०

सगळे पुरुष प्रोसेसरवर बोलताहेत, म्हणून मी बोलते. नाशिकला एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये सतरा वर्षं एंट्र्या मारतेय.

नंपॅड! आकड्यांचा वेगळा पट्टा! टी ४८० काय, कुठलाही १४ इंची घ्या, त्यावर तो नसतो. वरच्या ओळीतून आकडे मारत दिवसाला दोनशे व्हाउचर टाकून दाखवा मला. आमच्याकडे साहेबांनी कौतुकाने १४ इंची आणले होते, महिन्यात सगळ्यांच्या टेबलावर पाचशे रुपयांचे बाहेरचे नंपॅड लोंबायला लागले. १५.६ किंवा १६ इंची घ्या, आणि त्यातही फोटोत उजवीकडे पट्टा आहे का बघा. सगळ्या १५ इंचींना असतोच असं नाही.

दुसरं, टॅलीत एफ ५ म्हणजे पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ८ सेल्स, एफ ९ पर्चेस. हाताला वळण पडलेलं असतं. नव्या लॅपटॉपवर एफ ५ दाबलं की व्हाउचर उघडत नाही, उजेड कमी होतो. पुन्हा दाबलं, आणखी कमी. माझ्या मैत्रिणीला वाटलं लॅपटॉप मेला. थिंकपॅडवर आणि डेलवर एफएन धरून एस्केप दाबलं की ती ओळ नीट होते. हे कुणी खोक्यावर लिहीत नाही.

---

बॅकस्पेस | ९ जानेवारी, सकाळी ११:४५

सोनचाफाताई, साष्टांग. चारशे लॅपटॉप सांभाळतो आणि नंपॅड डोक्यातही आला नाही.

---

न्यूजर्सीकर | ९ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

इकडे कंपन्यांच्या आउटलेटमध्ये बिझनेस लॅपटॉप बरेच स्वस्त मिळतात. मी मार्चमध्ये येतोय, एक आणू शकतो. एका प्रवाशाला एका लॅपटॉपवर कस्टम ड्युटी नसते.

---

वहीखातं | ९ जानेवारी, रात्री १०:१५

मनापासून आभार, पण इथे माझं क्षेत्र सुरू होतं. ती सूट प्रवाशाच्या स्वतःच्या वापराच्या सामानाला आहे, माझ्या ऑफिसच्या खरेदीला नाही. बिल अमेरिकेतलं, म्हणजे इनपुट क्रेडिट शून्य. वॉरंटी तिकडची. आणि ऑडिटरला काय दाखवू, तुमचा बोर्डिंग पास? (दिवे घ्या.)

---

अर्धाकप | ९ जानेवारी, रात्री १०:४०

क्रेडिटचं जरा सविस्तर सांगाल का? माझं छोटं डिझाइनचं काम आहे, जीएसटी नंबर आहे, पण आजवर लॅपटॉप नेहमी स्वतःच्या नावावर घेतले.

---

वहीखातं | १० जानेवारी, सकाळी ६:५०

अर्धाकप, मग तुम्ही दर वेळी १८ टक्के सोडून देत होतात. सकाळी सकाळी वाईट वाटलं.

लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के. समजा ५९,००० चा घेतला, तर मूळ किंमत ५०,००० आणि कर ९,०००. बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल, विकणाऱ्याने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं आणि तुमच्या २बी मध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) उतरलं, तर ते ९,००० तुम्हाला तुमच्या देय करातून वजा करता येतात. ऑनलाइन घेताना ऑर्डर देण्याआधी नंबर टाका, नंतर बिल बदलून मिळेल या भरवशावर राहू नका. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर मात्र क्रेडिट नाही.

उरलेल्या ५०,००० वर घसारा. संगणकाला ४० टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी २०,००० खर्चात. पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा, २० टक्केच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर घेतलेल्याला हे लागू. 'मार्चअखेर आहे, टॅक्स वाचवायला लॅपटॉप घेऊन टाका' असं जे म्हणतात त्यांना हे सांगा. आणि कराच्या ९,००० वर घसाराही आणि क्रेडिटही असं दोन्ही घेता येत नाही. लोक घेतात, मग नोटीस येते, मग माझ्याकडे येतात.

तांबडारस्सा, तुमच्या बाजूचं एक विचारतो. जुन्या मालाच्या बिलावर जीएसटी वेगळा दाखवता का?

---

तांबडारस्सा | १० जानेवारी, सकाळी १०:०५

मी मार्जिनवर भरतो. घेतला त्यापेक्षा जास्तीला विकला त्या फरकावर कर. बिलात वेगळा दिसत नाही, गिऱ्हाइकाला क्रेडिट नाही. काही व्यापारी पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून देतात, त्यांच्याकडं क्रेडिट मिळतं. आधी विचारा, मग भाव करा.

---

वहीखातं | १० जानेवारी, सकाळी १०:३०

हेच म्हणत होतो. म्हणजे ३१ हजारांचा जुना हा माझ्यासाठी ३१ चाच, आणि ५९ चा नवा हा ५० चा. अंतर दिसतं तेवढं मोठं नाही.

---

गावकुस | १० जानेवारी, दुपारी १२:००

८ जीबी रॅमचा नवा घ्या, नंतर रॅमची आणखी ८ ची पट्टी टाका. इथले जुने धागे काढून बघा, सगळे हेच सांगतात.

---

बॅकस्पेस | १० जानेवारी, दुपारी १२:४०

जुन्या धाग्यांच्या वेळी तो सल्ला बरोबर होता. आता बाजार उलटा झाला आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नंतर टाकू म्हणाल तर जास्त मोजाल. १६ जीबी बसवलेलाच घ्या.

आणि 'नंतर टाकू' म्हणायला पट्टी बसवायची खाच तरी हवी ना? कितीतरी बारीक लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते. थिंकपॅड टी १४ च्या पहिल्या आवृत्तीत अर्धी डकवलेली आणि एक खाच. एक्स १ कार्बनमध्ये सगळीच डकवलेली. लॅटिट्यूड ५४२० मध्ये दोन खाचा, डकवलेली काहीच नाही. मॉडेलच्या नावाने मॅन्युअल शोधा, दोन मिनिटांत कळतं.

---

तांबडारस्सा | १० जानेवारी, दुपारी १:१५

रॅम महागल्यावर काही जण मशिनमधली १६ ची पट्टी काढून ८ ची घालून विकायला लागलेत. स्टिकरवर १६, आत ८. टास्क मॅनेजर उघडून बघा. आमच्याच धंद्यातले आहेत, लाज वाटते.

---

सोनचाफा_७ | १० जानेवारी, दुपारी ३:००

आणखी एक बारीक. डीएससीची टोकनं जुन्या रुंद यूएसबीची असतात. नव्या बारीक लॅपटॉपांना एकच तसं पोर्ट असतं, कधी तेही नसतं. माउस, टोकन आणि प्रिंटर म्हणजे तीन झाले. आणि लॅनचं (नेटवर्कच्या वायरचं) पोर्ट असेलच हे बघा. टॅलीचा डेटा एका मशिनवर ठेवून तिघं उघडणार असाल तर वायर ओढा. मध्येच वायफाय तुटलं की डेटा दुरुस्त करत बसायचं.

---

अर्धाकप | १० जानेवारी, संध्याकाळी ६:२०

विंडोज होम आणि प्रो यात फरक पडतो का, की दुकानदारांचं काहीतरी?

---

बॅकस्पेस | १० जानेवारी, संध्याकाळी ६:४५

पडतो. बाहेरून त्या मशिनवर रिमोट डेस्कटॉपने शिरता येणं आणि बिटलॉकरचं (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीचं) पूर्ण नियंत्रण प्रोमध्येच. लॅपटॉप एसटीत राहिला तर आतला डेटा कुलूपबंद असावा एवढ्यासाठी तरी प्रो. कंपन्यांतून आलेल्या जुन्या मालात बहुधा प्रोचंच लायसन्स बायोसमध्ये असतं. कुलूप लावलंत की त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा, त्याच लॅपटॉपवर नको!

---

वहीखातं | ३१ जानेवारी २०२६, रात्री १०:१०

मंडळी, झालं. आधी हिशोब देतो, सवय आहे.

माझ्यासाठी एक नवा, १६ इंची थिंकपॅड ई मालिकेतला, १६ जीबी, नंपॅड आणि लॅन पोर्टसकट. ५८,००० अधिक कर १०,४४०. तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी धरून, पिन कोड विचारून. असिस्टंटांसाठी दोन जुने लॅटिट्यूड ५५२०, अकरावी पिढी, १६ जीबी, प्रत्येकी ३१,५००, मार्जिनवाल्या बिलाने. एकूण १,३१,४४०, क्रेडिट वजा जाता १,२१,०००. ही किंमत जानेवारीत, पुण्यात, दोन दिवस फिरून मिळालेली आहे, ती दगडावरची रेघ समजू नये.

तिन्ही नवे का नाही, तिन्ही जुने का नाही? २० तारखेला एक तरी मशिन असं हवं की ज्याच्यासाठी फोन केला की माणूस येतो. बाकी दोनपैकी एक बंद पडला तरी एकाचे भाग दुसऱ्याला लावता येतात, म्हणून मुद्दाम दोन्ही एकाच मॉडेलचे घेतले.

जुने घेताना तांबडारस्सांनी सांगितलेली रिसेटची परीक्षा घेतली. पहिल्या दुकानात दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढं कोण बघतं?" दुसऱ्या दुकानात चार मशिनवर करून बघितलं, एकावर तो कंपनीचा पडदा आलाच. दुकानदाराने काही न बोलता ते बाजूला ठेवलं. उरलेल्यांपैकी एकाची बॅटरी ६४ टक्के निघाली, तिथे दीड हजार कमी करून घेतले (वरचा ३१,५०० चा भाव ते धरूनच).

---

तांबडारस्सा | ३१ जानेवारी, रात्री १०:३५

दीड हजारात बॅटरी येत नाही भावा, आणखी ताणायचं होतं.

---

सोनचाफा_७ | १ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

एफ ५ चं काय झालं?

---

वहीखातं | १ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

ताई, पहिल्याच दिवशी आमच्या असिस्टंटने हाक मारली, "सर, नवीन लॅपटॉपचा डिस्प्ले जातोय." मी न उठता म्हणालो, एफएन धर आणि एस्केप दाब. तेव्हापासून ऑफिसात माझी इज्जत वाढली आहे. त्यांना या धाग्याची लिंक दिलेली नाही.

जुने दोन डेस्कटॉप अजून कोपऱ्यात आहेत. पुसून त्यावर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून भाच्याच्या शाळेला द्यायचा विचार आहे. आधी डिस्कवरचा डेटा पक्का कसा पुसायचा? नुसतं फॉरमॅट पुरतं का?

---

बॅकस्पेस | १ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

नाही पुरत. डिस्क फिरणारी आहे की एसएसडी, ते सांगा.